अस्वल कुठल्या पानावर चावतं

आधीच सांगून टाकते, माझ्या नाकावर राग असतो. चार वर्षांच्या तेवीस पोरांना राग कसा आवरायचा हे शिकवायचा पगार मी घेते, आणि स्वतः मात्र खडू तुटला तरी भडकते. शाळेत हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्या दिवशी सकाळी मी मोठ्या बाईंच्या खोलीत घुसून "आता वर्गात एक तर ती राहील, नाही तर मी!" असं म्हणाले, तेव्हा त्यांनी हातातलं पेनसुद्धा खाली ठेवलं नाही.

"पुन्हा चावली?" एवढंच विचारलं.

"पाचवं पोर! तीन आठवड्यांत पाचवं! आणि चावून झाल्यावर वर हात पसरून उभी राहते, मिठी मारा म्हणून. बेरकी कुठली!"

ती म्हणजे आमची पिटुकली. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, डोळे मात्र भले मोठे. आई कामावर जायची म्हणून ही आमच्याकडे. आम्ही काढलं तर चावरी म्हणून नाव झालेल्या पोरीला जवळपास दुसरं कुणी घेणार नव्हतं, आणि आईला काम सोडून घरी बसावं लागलं असतं. हे मोठ्या बाईंना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

"साडेअकराला तिच्या आईला बोलावते," त्या म्हणाल्या. "नाव काढायचा कागद तयार आहे. तुमचीही सही लागेल. नीट विचार करून करा."

"विचार कसला? आणा इकडे!" मी म्हणाले आणि उभ्या उभ्या सही ठोकली.

वर्गात परत आले तरी डोकं तापलेलंच होतं. मग मी काढलं माझं हुकमी अस्त्र, रागाचं पुस्तक. हे पुस्तक म्हणजे माझा जीव की प्राण. जाड पुठ्ठ्याची सात मोठी पानं, प्रत्येक पानावर एक चित्र. अस्वलाचं पिल्लू ठोकळ्यांचा मनोरा रचतं. सशाचा धक्का लागतो, मनोरा कोसळतो. अस्वल लालबुंद होतं. मग ते सशाच्या कानाला चावतं. ससा झाडामागे जाऊन रडतो. अस्वलाला वाईट वाटतं, ते पोटावर हात ठेवून पाच मोठे श्वास घेतं. शेवटी दोघं हात पसरून एकमेकांना मिठी मारतात. मी वाचायला लागले की पोरं डोळेही हलवत नाहीत.

आणि मी वाचते कशी, तेही ऐका. पुस्तक आपल्याकडे धरून वाचणाऱ्या बायांचा मला मनस्वी कंटाळा येतो. पोरांना चित्र दिसायला नको? मी पुस्तक कानाजवळ धरते, चित्रं पोरांकडे, नजर पोरांवर, आणि गोष्ट तोंडपाठ. पान उलटायचं, वाक्य म्हणायचं. दुसऱ्या शाळांतल्या बाया येऊन बघून गेल्यात, म्हटलं!

त्या दिवशी जरा जास्तच जोरात वाचलं. पिटुकलीकडे रोखून बघत म्हणाले, "मग अस्वलाने काय केलं? पोटावर हात ठेवला! एक श्वास... दोन श्वास..." बावीस पोरं फुसफुस श्वास घ्यायला लागली. पिटुकली इकडेतिकडे बघून, सगळ्यांच्या मागून, एकटीच फुसफुसली. दुसऱ्यांचं बघून करायची तिला सवयच होती. त्यासाठीही मी तिला शंभरदा बोलले होते.

पाचवा श्वास झाला आणि पोरांच्या मागून खिक् करून हसू आलं. आमच्या मदतनीस मावशी दाराशी बसून रंगीत कागद कापत होत्या.

"काय झालं हसायला?" मी फणकारले.

"काही नाही हो बाई. तुम्ही ही गंमत करता ना, मला रोज हसू येतं. तोंडाने म्हणायचं श्वास घेतंय, आणि चित्रात ते मेलं अस्वल सशाचा कान चावतंय!"

मी पुस्तक फिरवलं. समोर अस्वल, जबडा वासलेला, दातांत सशाचा कान! पानं मागे केली. जिथे मी "अस्वल चावलं" म्हणत होते, तिथे ते बापडं पोटावर हात ठेवून डोळे मिटून श्वास घेत होतं.

महिन्यापूर्वी पुस्तकाची स्पायरल तुटली होती. दुकानात टाकायला वेळ कुणाला? मीच दोऱ्यात पानं ओवली होती, घाईघाईत, कुणावर तरी चिडलेली असताना. दोन पानांची अदलाबदल झाली आणि त्यानंतर एकदाही मी पुस्तकाकडे बघितलं नव्हतं. बघायचं कशाला? मला तर तोंडपाठ!

"मावशी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"मला काय ठाऊक? म्हटलं शिकवायची नवी पद्धत असेल!"

मी पहिल्यापासून नुसती चित्रं बघितली, तोंड गच्च बंद ठेवून. मनोरा. धक्का. लालबुंद अस्वल. अस्वल श्वास घेतंय. ससा झाडामागे रडतोय. अस्वल रडणाऱ्या सशापाशी जाऊन त्याला चावतंय. आणि मिठी. दोघं खूश!

अगं बाई!

पाचही पोरं माझ्या डोळ्यांपुढे आली. पहिलं आईसाठी रडत होतं. दुसरं घसरगुंडीवरून पडलं होतं. तिसऱ्याची बाटली सांडली, चौथ्याला कुणी खेळायला घेतलं नाही, आणि आज सकाळी जिला चावली तिचा गुडघा फुटला होता. पाचही जण आधीच रडत होते! पिटुकली भांडायला गेलीच नव्हती कधी. ती समजूत घालायला जात होती. रडणाऱ्याकडे जायचं, चावायचं, हात पसरायचे. मी शिकवलं होतं तस्सं, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. आणि बाकीची बावीस कार्टी रडणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

"पण मावशी," मी म्हणाले, "पुस्तक तर सगळ्यांनीच बघितलं. मग हीच एकटी का चावते?"

"बाकीची तुमचं ऐकतात ना," मावशी कागद कापता कापता म्हणाल्या.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मावशींची कात्री थांबली.

पोरं चित्रं रंगवायला बसली होती. मी पिटुकलीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. लाल खडूसाठी वर्गात रोज झुंबड, आणि त्यात ही सगळ्यांत पुढे. मी साध्या आवाजात म्हणाले, "लाल खडू कुणाला हवाय?"

बावीस हात वर. "मला बाई! मला!" पिटुकली मान खाली घालून रंगवत होती. मग शेजारणीचं कोपर लागलं, तिने वर बघितलं, सगळ्यांचे हात बघितले, आणि घाईने आपलाही हात वर केला. कशासाठी ते तिला ठाऊक नव्हतं.

घड्याळात अकरा पस्तीस.

"मावशी, वर्ग सांभाळा!" मी एका काखेत पुस्तक मारलं, दुसऱ्या हाताने पिटुकलीला उचललं आणि जिन्याने वर सुटले. शाळेत पळायचं नाही हा नियम मीच भिंतीवर लावलाय. मोठी मुलं वर्गांतून माना काढून बघत होती. बघा म्हटलं, खुशाल बघा!

खोलीत पिटुकलीची आई खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि पेन कागदावर टेकवत होती. मी पुस्तक टेबलावर आपटलं, कागद ओढला आणि टराटरा फाडला.

"अहो, ती ऑफिसची प्रत होती!" मोठ्या बाई ओरडल्या.

"चूक माझी आहे!" मी त्यांच्याहून मोठ्याने म्हणाले. असं वाक्य माझ्या तोंडून निघताना त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग मी धापा टाकत सगळं सांगितलं. दोरा, पानं, रडणारी पाच पोरं, लाल खडू. चित्रं एकेक करून दाखवली. मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारला.

आई मात्र उसळली. "माझ्या मुलीला ऐकू येत नाही? घरी सगळं ऐकते ती! एका हाकेत येते!"

तिच्या आवाजाने कपाटाच्या काचा थरथरल्या. ती कापडाच्या कारखान्यात मागांवर कामाला होती. पन्नास माग एकदम खडखडत असताना बोलायचं म्हणजे तसाच आवाज लागतो, आणि घरी गेलं तरी तो खाली येत नाही.

"एकदा हळू हाक मारा," मी म्हणाले. "मागून. तिला दिसू नका."

पिटुकली खिडकीत उभी राहून बाहेर बघत होती. आई तिच्या मागे गेली आणि हळूच म्हणाली, "बाळा." पोर हललं नाही. "बाळा, घरी जायचं?" काही नाही. खिडकीबाहेर एक मांजर भिंतीवरून चाललं होतं, पिटुकली त्याच्याकडे बोट दाखवून हसली.

"माझ्या भाच्याचं असंच होतं," मोठ्या बाई घाईने म्हणाल्या. त्यांच्या हातात फोन होता. "कानात पाणी साठलं होतं. वर्षभरात ठणठणीत बरा झाला. मी आत्ताच्या आत्ता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेते, तुम्ही घाबरू नका. आणि नाव काढायचा प्रश्नच नाही."

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, उड्या माराव्यात! पण आई खाली बसली होती, खुर्चीवर नाही, फरशीवरच.

"बाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला, "मी दिवसभर हिच्यावर ओरडते. मुद्दाम नाही हो, आवाजच तसा झालाय. म्हणून रोज झोपताना दिवा घालवला की हिच्या कानाशी हळूच सांगते. मी रागावले नाहीये. तू माझी शहाणी मुलगी आहेस, मला तू फार आवडतेस. रोज सांगते. एक दिवस चुकवला नाही." तिने माझ्याकडे बघितलं. "त्यातलं हिला काहीच..."



मी एवढंच केलं. पिटुकलीला खांद्याला धरून आईकडे वळवलं.

आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग छातीत हवा भरून, पन्नास माग चालू असताना ओरडावं तशी ती ओरडली, "मी रागावले नाहीये! तू माझी शहाणी मुलगी आहेस! मला तू फार आवडतेस!"

खालच्या मजल्यावरची दारं उघडल्याचे आवाज आले.

पिटुकली आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने आईच्या ओठांवर बोट ठेवलं.

"परत म्हण," ती म्हणाली.