ह्वांगग्वोशूला कोण जाणार

ऑक्टोबरच्या सुट्टीत भाऊ आपल्या सासू-सासऱ्यांना ह्वांगग्वोशूचा धबधबा दाखवायला आणणार, हे यिनह्वाला उन्हाळ्यातच कळलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्याला आणखी एक काम लागलं.

मी तिच्या समोरच्या दारात राहते. आन्शुनच्या एकाच कारखान्यात आम्ही दोघींनी उमर घालवली, निवृत्तही पाठोपाठच झालो. तिच्या घरात काय चाललंय ते मला आपोआप कळतं. तिचे हात सदा कशात तरी गुंतलेले असतात, त्यामुळे फोन स्पीकरवर लावून ती ओट्यावर ठेवते आणि दार वारा यावा म्हणून उघडं असतं.

घरात ती आणि तिची आई, वेई आजी. आजींनी ऐंशी ओलांडली आणि त्यांची आठवण हळूहळू विरत गेली. दुपार कलली की त्या कपड्यांचं बोचकं बांधून दाराशी उभ्या राहतात. "बराच वेळ बसले हो, आता घरी जाते," म्हणतात. यिनह्वा बोचकं सोडते, कपडे घडी घालून ठेवते. दुसऱ्या दिवशी तेच. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली, मुलगी ग्वीयांगच्या इस्पितळात नर्स आहे, तिला स्वतःचंच होत नाही.

भाऊ होंगताव नानजिंगला असतो. चांगली नोकरी, चांगलं घर. वाईट माणूस नाही तो. पण त्याचा फोन आला की यिनह्वाचे खांदे आपसूक खाली येत.

"ताई, तू तिथलीच. तासाभरावर तर आहे धबधबा. जरा आखून टाक ना सगळं."

तिथलीच! लग्नाआधी कारखान्याची सहल गेली होती, तेव्हा ती शेवटची गेली होती. त्यातही पाऊस होता, आणि अर्धा वेळ मैत्रिणीची चप्पल शोधण्यात गेला.

तरी तिने आखायला घेतलं. सासऱ्यांचा गुडघा धड नाही, म्हणजे खाली उतरायला सरकता जिनाच हवा, आणि त्याची रांग वेगळी. सासूबाई उत्तरेकडच्या, शानतुंगच्या, त्यांना तिखट चालत नाही, आंबट चालत नाही, आमच्याकडची ती माशाच्या वासाची मुळं तर समोर आली तरी पोटात ढवळतं. गव्हाच्या पोळ्या कुठे मिळतील? भावजयीला, शूह्वेईला, सकाळचं ऊन हवं, कारण तेव्हा तुषारांत इंद्रधनुष्य पडतं. पाण्यामागच्या गुहेतून जाता येईल का? यिनह्वाने चौकशीला फोन लावला. पलीकडची पोरगी म्हणाली, "पाणी किती असेल त्यावर आहे." यिनह्वाने भावाला तसंच कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे हो की नाही?"

मग तारीख बदलली. मग सासूबाईंची भाची आणि तिचा नवरा वाढले. मग हॉटेल बदललं, खिडकीतून डोंगर दिसला पाहिजे म्हणे. ठरवलेला गाडीवाला वैतागून म्हणाला, "मावशी, तुमचं एकदा नक्की झालं की मगच फोन करा." ती त्याच्याशीही माफी मागून बोलली.

एकदा मी तिथेच बसून शेंगा सोलत होते. होंगताव म्हणाला, "आणि ताई, आईलाही घेऊ. धबधब्यासमोर सगळ्यांचा एक फोटो होईल."

यिनह्वाने सुरी खाली ठेवली. "तिला खाली कोण नेणार?"

"चाकाची खुर्ची मिळते की तिथे."

"आणि ती ढकलणार कोण?"

मग तो म्हणाला, "तू आहेस ना, ताई."

"आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा कोबी चिरायला लागली.

फोन बंद झाल्यावर मी तिला झापलं. "सांग की सरळ, जमणार नाही म्हणून! मूग गिळून बसतेस."

"नाही म्हटलं की तो का म्हणून विचारणार," ती म्हणाली. "मग समजवायचं. मग शूह्वेई समजवणार. तेवढा जीव नाही माझ्यात, पांगताई. हो म्हटलं की फोन तरी ठेवतात."

तिकिटं सुटायची त्या सकाळी आक्रीत झालं. तिकिटं फोनवरूनच काढायची, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र घालून, आणि सुट्टीतली तर बघता बघता संपतात. यिनह्वा फोनमध्ये डोकं घालून बसली होती. सगळ्यांची नावं भरून तिने मान वर केली, तर आजी नाहीत. दार सताड उघडं.

आम्ही दोघी खाली धावलो. पाऊस भुरभुरत होता. ती एका गल्लीत, मी दुसऱ्या. शाळेमागे पाहिलं, बसथांब्यावर पाहिलं. हाका मारायच्या तर काय म्हणून मारायच्या? आजी आता स्वतःच्या नावालाही ओ देत नाहीत. शेवटी भाजीबाजाराच्या टोकाला, तोफू तळणारीच्या गाडीशेजारी, छोट्या स्टुलावर बसलेल्या सापडल्या. पायात एकच चप्पल, हातात काडीला टोचलेला गरम तोफू, तोंड मिरचीने लाल.

"या तुमच्या का?" तोफूवाली म्हणाली. "मघापासून मला सून म्हणतायत. म्हटलं सासूला उपाशी कशी ठेवू!"

मला वाटलं आता यिनह्वा रडेल, नाहीतर ओरडेल. ती आईशेजारच्या स्टुलावर बसली, भिजलेले केस मागे सारले आणि म्हणाली, "मलाही द्या एक." दोघी मायलेकी पावसात तोफू खात बसल्या. मी उभी. घरी येऊन बघितलं तर सकाळची तिकिटं संपली होती, दुपारची मिळाली. शूह्वेईने निरोप पाठवला, दुपारी इंद्रधनुष्य दिसतं का ते विचारून घ्याल का?

सुट्टी अगदी तोंडावर आली असताना होंगतावचा फोन आला. यिनह्वा आईची पायाची नखं कापत होती.

"ताई, जरा घोळ झालाय. सासूबाईंनी मागच्या वर्षीच्या गर्दीचा व्हिडिओ पाहिला. माणसावर माणूस! त्या घाबरल्यात. म्हणतायत आपलं शानतुंगच बरं, तिथल्या समुद्रावर जाऊ. मग आपण धबधबा पुढच्या वर्षी बघू, काय? तू तेवढं सगळं रद्द करून टाकशील?"

नखं कापणं थांबलं नाही. "त्यांचं करते रद्द," यिनह्वा म्हणाली. "तुझं नाही करत."

"म्हणजे?"

"तू ये. सुट्टी घेतली आहेस ना? आईजवळ बस एक दिवस. मी जाऊन येते धबधब्याला."

"एकटी?"

"एकटी."

"अगं, पण शूह्वेई काय म्हणेल? आणि मला कुठे जमतं आईचं... पांगताई बसतील की तेवढ्यापुरत्या!"

मी दारातूनच ओरडले, "पांगताई गावाला चालली!" कुठलं गाव आणि काय, पण तोंडातून निघून गेलं.

"होंगताव," यिनह्वा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट इतका खाली गेला होता की मला कान द्यावा लागला. "मी दमले आहे रे. मी आता दुसरं काही बोलत नाही. ये." आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतः फोन बंद केला.

तो आला. तोंड पाडून, हातात नानजिंगचं खारवलेलं बदक घेऊन. आजींनी त्याला खालून वर न्याहाळलं. "हा कोण?"

"आई, मी होंगताव."

"होंगताव शाळेत गेलाय," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी यिनह्वा बसने गेली. जाताना तिने त्याला गोळ्या, जेवण, संडासची वेळ, सगळं सांगितलं. तो मान डोलावत होता, ज्याला काहीच कळत नाही असा माणूस डोलावतो तशी.

मी ठरवलं होतं, मदतीला जायचं नाही. पण थोड्याच वेळात माझ्या दारावर टकटक झाली. होंगताव उभा, पायात घरातल्या सपाता. "पांगताई, तुम्ही गावाला...?"

"उद्या. काय झालं?"

"कचरा टाकायला खाली गेलो होतो. आईने आतून कडी लावली. म्हणते परक्या माणसाला घरात घेणार नाही."

जिन्यात उभा राहून तो बराच वेळ विनवत होता हे मी ऐकलंच होतं. मी दाराशी जाऊन हाक दिली, "वेई आजी, नळवाला आलाय हो!"

कडी निघाली. "कधीची वाट बघते," आजी म्हणाल्या. "या, या."

मग तो दिवसभर नळवाला होऊन राहिला. मोरीत बसून पान्ह्याने उगाच ठोकत राहिला. आजींनी त्याला चहा दिला, जेवायला वाढलं, त्याने भरवलेल्या गोळ्या नळवाल्याचा मान ठेवून गिळल्या. बोचकं बांधायची वेळ झाली तेव्हा म्हणाल्या, "तुमचं काम उरकू दे, मग निघते." मधे एकदा त्यांचे कपडे खराब झाले. तेव्हा तो पुन्हा माझ्या दाराशी आला, पांढराफटक. मी त्याला फडकी कुठे आहेत ते सांगितलं आणि परत पाठवलं. आतून पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

संध्याकाळी यिनह्वा आली. केसांपासून बुटांपर्यंत ओली, स्वस्त प्लास्टिकचा रेनकोट काखेत. मी तिच्यामागोमाग आत शिरले. काय काय झालं ते ऐकायला मला धीर धरवत नव्हता.

"दिसला का?" मी म्हटलं.

"आधी नुसते हात दिसले. सगळ्यांचे फोन वर. एकाच्या छत्रीची काडी डोळ्यात जाता जाता राहिली. गुहा बंद होती. मग बाजूला एक बाक होता झाडाखाली, तुषारांनी भिजलेला, म्हणून कुणी बसत नव्हतं. तिथे टेकले. आणि काय सांगू, तिथे इतका आवाज आहे पांगताई, कुणी हाक मारली तरी ऐकू येणार नाही. झोपच लागली."

"धबधब्यासमोर जाऊन झोपलीस?"

"गाढ. एका बाईने हलवून उठवलं, मावशी, बरं वाटत नाहीये का? म्हटलं, बरं वाटतंय, म्हणून तर झोपले. मग उठून खाली गेले आणि पाहिला. खूप पाणी आहे." ती जरा थांबली. "समोर उभी राहिले तेव्हा डोक्यात काही म्हणजे काहीच आलं नाही. छान वाटलं."

होंगताव भिंतीला टेकून बसला होता. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. तो म्हणाला, "ताई, आई मला माझ्याबद्दलच सांगत होती. मुलगा हुशार आहे, लांब असतो. मी विचारलं, आणि मुलगी?" तो ओली बाही पिळायला लागला. मी डोळ्यांनी खुणावलं, नको. पण त्याने सांगितलंच. "म्हणाली, मुलगी कुठली? एक बाई येते कामाला. चांगली आहे, पण सदा दमलेली असते."

यिनह्वा बुटाची ओली नाडी सोडत होती. गाठ सुटेना, तिने तशीच ओढून बूट काढला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "बरेच महिने झाले. चांगली आहे म्हणते ना? मग झालं."

तो उठून मोरीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आजी त्या दिशेला बघून म्हणाल्या, "भारी चेंगट माणूस. अजून नळ होत नाही याचा." यिनह्वा हसली. हसता हसता डोळे पुसले आणि बदक कापायला घेतलं.

तो एका रात्रीत साधू झाला असं काही नाही. पण सुट्टी संपेपर्यंत राहिला. रोज आईला आंघोळ घातली, तिसऱ्या दिवसापासून मला हाक न मारता. जाण्याआधी मोहल्ल्यातल्या वृद्धांच्या केंद्रात जाऊन बोलून आला. आता आठवड्यातून दोनदा आजी तिथे जातात, आणि त्या दुपारी यिनह्वाच्या दाराशी गेलं तर आतून घोरणं ऐकू येतं. शूह्वेई अजून तिच्याशी नीट बोलत नाही. नव्या वर्षाच्या वसंतोत्सवाला होंगताव एकटाच येणार म्हणतो, आणि यिनह्वाने मुलीकडे ग्वीयांगला जाऊन राहावं म्हणतो.

परवा मी तिला विचारलं, "मग, जाणार ना?"

ती वाळत घातलेल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाली, "तो आला की बघू. धर, नीट ताणून धर."