आंतोनचा लाल बार

मित्रांनो, मी एक जुने जर्मन पिस्तूल आहे. पण गोळ्या झाडणारे नव्हे, आकाशात रंगीत इशारे उडवणारे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी मला घडवले. हलके ॲल्युमिनियमचे अंग, आखूड जाड नळी आणि एका वेळी एकच बार. काडतुसांच्या कडा वेगवेगळ्या असत, म्हणून अंधारातही बोटांना रंग कळे. या युक्तीचे फार कौतुक होई.

माझा शेवटचा धनी आंतोन. युद्ध संपत आले असताना त्याला एका टेकडीवर बसवले होते. रस्त्यावर हालचाल दिसली की लाल बार उडवायचा, मग मागून तोफा सुरू होणार. हालचाल दिसली, पण त्या हातगाड्या ओढणाऱ्या बायका होत्या. आंतोनने मला कोटात कोंबले आणि तो पळाला. दुसऱ्या टेकडीवरून कोणीतरी इशारा दिलाच. माणसे मेली, आणि इशारा त्यानेच दिला असे समजून बोल आंतोनला लागला.

रेगेन्सबर्ग शहरातल्या घरी त्याने मला तळघरात लपवले. बार काढायचेही भान त्याला नव्हते. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. वर पावले वाजली की जीव धसकायचा. कोणी चाप ओढला तर? आणि कोणी आलेच नाही, तर आंतोनचे खरे कोण सांगणार?

पुढे आंतोन वारला. २०१४ मध्ये त्याची म्हातारी मुलगी, फ्राऊ, म्हणजे श्रीमती, बाउमान, वृद्धाश्रमात निघाली. वरचे भाडेकरू कीर्ती आणि जीवन तिचे तळघर आवरू लागले. इंजिनियर जीवनने मला उचलले.

"कीर्ती, काय मेकॅनिझम आहे बघ! ही कळ दाबली की नळी उघडणार, गेनाऊ, अगदी बरोबर!"

"जीवन, ठेव ते खाली! आत काही असेल तर?"

"सत्तर वर्षांनी?"

"म्हणूनच. वर चल, पोलिसांना फोन करू."

पोलिसांच्या तज्ज्ञाने सगळ्यांना लांब पाठवून अंगणात मला उघडले. फ्राऊ बाउमान फाटकापाशी कीर्तीचा हात घट्ट धरून उभी होती.

"रंग कोणता?" तिने ओरडून विचारले.

"लाल. उडालेला नाही."

ती तिथेच खाली बसली. "पप्पा हेच सांगायचे, मी बार उडवलाच नाही. मी म्हणायचे, खोटं बोलता."

कीर्ती तिच्या शेजारी फरशीवर बसून राहिली.

तो बार त्यांनी दूर नेऊन नष्ट केला. मी आता वितळायला भट्टीत जाईन, तक्रार नाही. पण मित्रांनो, माझ्यासारखे काही सापडले तर हात लावू नका, जाणत्यांना बोलवा. आणि घरातले माणूस जीव तोडून काही सांगत असेल, तर ते जिवंत आहे तोवर ऐका.