पानावर उतरलेलं बीपी

आचऱ्याच्या खाडीकाठच्या खाजणात एवढी गर्दी कधी कोणी पाहिली नव्हती. देवळातून आलेले आणि चर्चमधली मिस्सा आटपून आलेले एकाच रांगेत, पाय चिखलात, हातात लाल दोरा. पुढे क्षारबाबा. रक्तदाब म्हणजे अंगात साठलेलं मीठ आणि ते आपण झाडावर उतरवतो, असा त्यांचा दावा. रोग्याने सकाळी खारफुटीतल्या तिवराची पानं पुसायची, फांदीला आपल्या नावाचा दोरा बांधायचा, बाबा मंत्र पुटपुटणार. दुपारी उन्हात पानांवर पांढरे कण चमकत. चाटून बघावं तर खारट!

"डॉक्टर वीस वर्षं गोळ्या चारतो," बाबा गरजत. "आम्ही तीन तासांत मीठ बाहेर काढतो!"

वेनेसाचं डोकं फिरलं होतं. या खाजणातून नाहीशी झालेल्या झाडांची रोपं शोधून ती दोन वर्षं पुन्हा लावत होती. भक्तांनी त्यातली निम्मी तुडवली. पण रोपं परत लावता येतात. तिची मांय रोझालिना हिने आठ दिवस बीपीची गोळी सोडली होती आणि सुका बांगडा नव्या उत्साहाने खात होती. काल चक्कर येऊन विहिरीपाशी पडता पडता वाचली.

"मांय, गोळी घे गो."

"कित्याक? माजा मीठ झाडान घेतल्यान. माज्या डोळ्यांनी बघलंय!"

वेनेसाने मग रोपवाटिकेतल्या तिवराच्या दोन कुंड्या बंधाऱ्यावर आणल्या आणि सगळ्यांसमोर पानं पुसली. एकीला रोझालिनाने दोरा बांधला. दुसरीला वेनेसाने बांधला, बाबांच्या मोटारसायकलीच्या नावाने.

"बाबानू, दोनय रोपांक मंत्र घाला."

बाबा कचरले, पण रांग बघत होती. घातला.

दुपारी रोझालिनाची पानं स्वच्छ. मोटारसायकलीची मिठाने पांढरी.

"गाडयेक बीपी!" रांगेतली तुळसाबाई ओरडली. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

"या बाईंची श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"आणि गाडयेची जास्त?" रोझालिना उसळली.

वेनेसाने उलगडा केला. मांयचं रोप विहिरीच्या पाण्यावर वाढलेलं, गाडीचं खाडीच्या. तिवर खारं पाणी पितं आणि जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. ऊन लागलं की ते वाळून दिसतं. लोकांनी बिनदोऱ्याच्या झाडांचीही पानं चाटून पाहिली. सगळी खारट. तेवढ्यात बाबा गाडीला किक मारून कसालच्या रस्त्याला लागले.

रोझालिना ओशाळली. "माका येवढा साधा कळूक नाय?"

"तू मीठ बघलंस, ता खराच होता. ता कोणाचा, इतक्याच विचारूचा रवला."

वेनेसाच्या हातातली गोळी रोझालिनाने पाण्याबरोबर गिळली आणि रांगेकडे वळली.

"परत कोण चमत्कार दाखवीत, तर मंत्र नसताना काय होता ता आधी बघा. झाडान आपला मीठ टाकल्यान. आपला बीपी आपल्याच अंगात आसा. दोरे सोडा नि दवाखान्यात चला."