ओठांवरचे पन्नास शब्द

मावशीने चौतीस वर्षं यंत्रमागांच्या शेडमध्ये काढली. तिथे शेजारच्या माणसाची हाकसुद्धा कानापर्यंत पोचत नाही. म्हणून बाया ओठांनीच बोलायच्या, ओठांनीच भांडायच्या, आणि आवाज न काढता गायच्याही:

माग माझा खडखडतो गं, धोटा जातो-येतो
तुझ्या ओठीचा शब्द, सये, डोळा वेचून घेतो

आता ती नव्या पोरींना माग शिकवते. पण शेडवर नवे साहेब आले आणि म्हणाले, "मागून हाक मारली तर बाई वळून बघत नाहीत. पोरींचं बोलणं यांना कळणार कसं? कानांचा दाखला आणा, नाहीतर घरी बसा."

घरी बसायचं म्हणजे मावशीला स्वतःचे हात काढून खुंटीला टांगण्यासारखं.

कान तपासणं हे माझं काम. सकाळी दारात ती उभी, ठेवणीतले कपडे घातलेली, आणि मागे घड्याळ बघत साहेब.

"टिल्ले, लवकर आटप. माझे कान खणखणीत आहेत. साहेबांना आपली उगाच शंका."

काचेपलीकडच्या, आवाज गिळून टाकणाऱ्या छोट्या खोलीत मी तिला बसवलं. कानांवर हेडफोन चढवले. आधी शिट्ट्या ऐकवल्या. शिट्टी कानी आली की बटण दाबायचं. जाड आवाजांना तिचं बोट चटकन हले. पातळ, किनऱ्या आवाजांना बोट गप्प. कागदावरची रेघ जिना उतरावा तशी खाली खाली गेली.

मग शब्द. मी पन्नास शब्द एकेक करून म्हणायचे, तिने ऐकून तसेच परत म्हणायचे. एरवी ते रेकॉर्ड केलेले असतात, पण त्या दिवशी यंत्र रुसलं होतं, म्हणून मीच माइकवरून वाचायला बसले. स्वतः वाचायचं तर तोंडासमोर पुठ्ठा धरायचा, हा आमचा पहिला धडा. अनोळखी माणसापुढे मी तो कधी विसरत नाही. पण जिच्या मांडीवर बसून बोलायला शिकले, तिच्यापुढे तोंड लपवायचं कसं? हात पुठ्ठ्याकडे गेलाच नाही.

"सुरी." "सुरी." "फळा." "फळा." "झोका." "झोका."

पन्नासपैकी पन्नास.

आनंदाने माझ्या हातून पेन्सिल सुटली. ती उचलायला वाकले आणि वाकूनच माइकमध्ये म्हणाले, "मावशी, हेडफोन काढ, बाहेर ये." ती जागची हलली नाही. मी सरळ झाले तर काचेआडून मलाच दटावते, "तोंड वर करून बोल की गं! खाली मुंडी घालून काय पुटपुटतेस?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. पुठ्ठा उचलला, ओठ झाकले, दुसरे पन्नास शब्द वाचले.

अठरा.

मावशी बाहेर आली. दोन्ही कागद बघून खुर्चीत बसली. शेडबाहेर तरी ऐकतो ते कानांनीच, असं तिलाही आजवर वाटत होतं.

"अठरा म्हणजे नापास ना?"

साहेब बाहेर बाकावर होते. मी नुसते ओठ हलवले, "मावशी, पहिल्या कागदावर पन्नास आहेत."

तिने अर्थातच ते अचूक टिपलं. "असलं शिकवलं का मी तुला? डोळ्यांची कमाई कानांच्या नावावर मांडायची नाही. खरं ते लिही."

"मग साहेबांना काय सांगू?"

ती काचेच्या खोलीकडे हनुवटी उडवून म्हणाली, "तुझ्या त्या खोलीत मुंगी शिंकली तरी ऐकू यायची. माझे माग असे गप्प बसतात का? गोंगाट लाव आणि तोंड उघडं ठेव. आणि हो, साहेबांनाही बसव. त्यांचे कान तरणेताठे आहेत."

दोन वर्षं या कामात मी चांगल्या आणि मंद कानांच्या माणसांचे आकडे शेजारी शेजारी मांडत होते. ओठ मात्र दरवेळी झाकलेले. उघड्या ओठांनी मोजावं, हे मला सुचलंच नव्हतं.

साहेब हसत आत गेले. त्यांच्या शिट्ट्यांची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ आली. मग मी गोंगाट सोडला, शब्दांपेक्षा वरचढ, आणि तोंड उघडं ठेवून वाचू लागले. साहेब काचेला नाक लावून बघत होते, कपाळाला आठ्या घालत होते, अंदाजपंचे ठोकत होते. पन्नासात एकवीस.

मग मावशी. तेवढाच गोंगाट, नवे पन्नास शब्द. ती मागापाशी बसावी तशी ऐसपैस बसली. माझे ओठ मिटायच्या आत तिचे उघडत होते. पाखरू दाणा टिपतं तसा ती एकेक शब्द टिपत गेली, आणि माझा ऊर असा भरून आला की शेवटचे शब्द वाचताना आवाज घोगरा झाला. तिला काय त्याचं! ती आवाजावर अवलंबून होतीच कुठे?

शेचाळीस.

मी दाखल्यावर सगळं लिहिलं. शांत खोली, ओठ झाकलेले: अठरा. गोंगाट, ओठ उघडे: शेचाळीस. खाली सही केली. इतकी ठसठशीत सही मी आजवर केली नव्हती.

साहेबांनी दाखला दोनदा वाचला. मग मावशीच्या समोर आले, तिला आपलं तोंड नीट दिसेल असे उभे राहिले. "बाई, तुम्ही शेडवरच राहायचं. पण ही विद्या पोरींना शिकवाल?"

"शिकवीन की. मागाबरोबरच शिकवीन." मावशी उठली, पदर खोचला. "पण आधी त्यांच्या कानांवर झाकणं द्या, साहेब. पहिल्याच दिवसापासून. त्यांनी ओठ वाचावेत ते हौसेने. माझ्यासारखे कान गमावून नकोत."

"देतो," साहेब म्हणाले.

"लिहून द्या," मावशी म्हणाली, आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांच्यापुढे धरली.