पाचपैकी सव्वा

बेबीनंदावर हुकूम चालवणाऱ्यांत सासूचा नंबर दुसरा होता. पहिला मोबाइलचा. सासूला निदान दुपारी डुलकी तरी लागायची.

दोन वर्षं ती जालन्यात स्कुटीवरून लोकांच्या बिर्याण्या पोचवत होती. एका दुपारी गांधी चमनजवळच्या टपरीवर तिला मयंक भेटला. गावातल्याच मारवाडी घरातला पोरगा, पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेसाठी सर्व्हे करत हिंडायचा. ॲपवर काम करणाऱ्यांना किती स्वातंत्र्य आहे ते एक ते पाच आकड्यांत मोजायचं, असं त्यानं अदबीनं सांगितलं.

कामावर कधी यायचं ते मीच ठरवते म्हणून तिनं ठणकावून पाच सांगितले. ऑर्डर नाकारायची मोकळीक? तिथंही पाच.

"आणि नाकारली तर काय होतं, ताई?"

आजवर तिनं एकही नाकारली नव्हती. पण परक्या माणसासमोर माघार कशी घ्यायची? लागोपाठ आलेल्या तीन ऑर्डरी तिनं झटकल्या. पडद्यावर अक्षरं उमटली : 'आपण दोन तास विश्रांती घेत आहात.'

"बघा, मी इश्रांती घेऊन राह्यले," ती म्हणाली, "आन मलाच म्हाईत न्हाई."

मयंक ओशाळला. आटोपून निघावं म्हटलं, तर त्याचा टॅब सोडेना. मुलाखत चाळीस मिनिटं चाललीच पाहिजे, नाहीतर रद्द. टपरीपासून पन्नास पावलं हलला तरी रद्द. झाली होती अकरा मिनिटं.

बेबीनंदानं टॅब आपल्याकडे ओढला आणि तेच प्रश्न त्याला विचारून आपली उत्तरं पुसत त्याची भरत गेली. कामाची वेळ? एक. नकाराची मुभा? एक. जेवायची सुट्टी? तो सकाळपासून उपाशीच होता. तिनं एक दाबला आणि डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढं सरकवली. रस्ता कोण ठरवतं? इथं दोन, कारण एकदा रेंज गेली तेव्हा तो आपल्याच मनानं अंबड नाक्याला गेला होता.

चाळीस मिनिटं भरली, फॉर्म तिच्याच नावानं गेला. उरलेल्या विश्रांतीत घरी जाऊन ती सासूशेजारी आडवी झाली आणि घोरली.

महिन्याभरानं मयंकनं अहवाल पाठवला. जालना जिल्ह्यातल्या महिला कामगारांची स्वायत्तता : पाचपैकी सव्वा. सर्व्हेत महिला ती एकटीच होती. तिला ते फार लागलं. तिनं फोन लावला.

"भाऊ, हे मार्क तुमचे हायेत. माझे ज्यादा होते."

मयंकनं कबूल केलं, पण दुरुस्ती करायची मुभा त्याला नव्हती. तेवढ्यात ऑर्डर वाजली. घ्यायची की नाकारायची ते ठरवायला तीस सेकंद मिळायचे. वीस सेकंद ती त्याच्याशी भांडत राहिली, मग फोन ठेवून स्कुटी सुरू केली.