जांभळी धुलाई

टक्. वॉशिंग मशीनच्या दाराची कडी सुटली. पहाटेच्या चिडीचूप दुकानात तेवढाच आवाज झाला. मागच्या खोलीत लेकीला कुशीत घेऊन पडलेल्या धाकटीनं बिट्टीच्या मानेखालचा हात अलगद सोडवला, तिच्या गालाला चिकटलेली बट मागे सारली आणि अनवाणीच पुढे धावली. झाले असणार झेंडे!

ताई निवडणुकीला उभी होती. तिची सख्खी थोरली बहीण! लहानपणी धाकटीची वेणी घालता घालता खिडकीतूनच गल्लीतली भांडणं मिटवणारी ताई आता वॉर्डाची नगरसेविका व्हायला निघाली होती. आज तिची पहिली सभा. काल तिनं कोऱ्या जांभळ्या झेंड्यांची पिशवी आणून आदळली होती. "धाकटे, खळ काढून कडक इस्त्री करून दे गं. फडकले पाहिजेत!" तेव्हापासून धाकटीच्या अंगात वारं शिरलं होतं.

नवऱ्याला सांगायची मात्र सोय नव्हती. "दुकानात राजकारण नको. मळ सगळ्या पक्षांचा सारखाच असतो," हे त्याचं पालुपद. त्यात ताईच्या विरोधात उभे होते मास्तर. त्यांचे पांढरे शर्ट लॉन्ड्री उघडल्यापासून इथेच येत, आणि मास्तर येतात म्हणून अर्धा रस्ता इथे येई.

म्हणून नवरा उठायच्या आत, दिवासुद्धा न लावता, तिनं झेंडे मशीनमध्ये कोंबले होते. एरवी नवं रंगीत कापड आलं की ती ओल्या पांढऱ्या फडक्यानं त्याचा कोपरा चोळून बघे, रंग सुटला तर ते वेगळं धुवायचं. आणि कपडे टाकण्याआधी ड्रममध्ये हात फिरवून घेई, कारण नवरा पहिली खेप रात्रीच भरून ठेवत असे. झोपेतही चुकणार नाहीत अशा या दोन गोष्टी. आज आनंदाच्या भरात दोन्ही राहून गेल्या.

तिनं दिवा लावला, दार उघडलं. झेंडा निघाला, दुसरा निघाला, आणि मग एक बाही. फिकट जांभळी, वांग्याच्या फुलासारखी.

"अगं बाई!"

मास्तरांचे शर्ट. सगळेच्या सगळे. आणि सभा आज त्यांचीही होती.

नवरा डोळे चोळत आला, त्यानं शर्ट पाहिले, झेंडे पाहिले आणि इस्त्री तापायला लावली. "वाळवून बघू, कदाचित फिका दिसेल."

"अहो, हात लावू नका! गरम लागलं की रंग पक्का बसेल. ओलेच राहू देत."

"झेंड्यांना तरी निदान विचारायचं होतंस, की बाबांनो, रंग सोडता का?" तो म्हणाला. तो चिडला की असाच थट्टेवर येई, आणि तिला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागे.

तेवढ्यात शटरवर थाप पडली. नवऱ्यानं शटर वर केलं. मास्तर, आणि मागे त्यांची दोनचार माणसं. "धाकटे, शर्ट झाले का गं? आज लवकर निघायचंय."

लपवायला जागा नव्हती आणि तिला लपवायचंही नव्हतं. "मास्तर, माझी चूक झाली," तिनं ओला शर्ट तसाच समोर धरला. "ताईचे झेंडे तुमच्या शर्टांवर टाकले. न बघता."

"चूक?" मास्तरांचा एक उंचेला कार्यकर्ता फोन काढून पुढे सरसावला. "हा डाव आहे! फोटो टाकतो, दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डात जाईल. बघू मग कोण कपडे देतं इथे!"

नवऱ्याचा चेहरा उतरला. नेमकी तेव्हाच ताई आपल्या माणसांना घेऊन झेंडे न्यायला आत शिरली. "डाव करायचा तर मी शर्टांवर करीन होय रे लंब्या? भाषणात करीन!"

"ताई, तू गप्प बस!" धाकटी एवढ्या जोरात ओरडली की ताई खरंच गप्प बसली. "मास्तर, रंग ओला आहे तोवर निघतो. रंग काढायची पावडर आहे माझ्याकडे. इथेच, तुमच्यासमोर लावते. नाही निघाला तर टाकू दे ह्याला फोटो."

मास्तरांनी स्टूल ओढलं. "लाव."

मशीन घुरघुरलं. काचेच्या दारामागे शर्ट गोल गोल फिरू लागले. सुरुवातीला दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी होती. मग पाणी रंगायला लागलं.

"जांभळं झालं! पाणी बघा!"

"म्हणजे सुटतोय!"

"सरक ना जरा, तुझं डोकं काय काचेचं आहे?"

कपडे घ्यायला आलेल्या बाया आत घुसल्या, दारात माणसं साठली. लंब्या ताईच्या खांद्यावरून वाकून बघत होता आणि ताईला त्याचं भान नव्हतं. नवरा गुडघ्यावर बसून काचेला नाक लावून होता. घाण पाणी गेलं, नवं आलं, ते फिकं, त्यानंतरचं आणखी फिकं. ड्रम जोरात फिरू लागला. मशीन थांबलं.

तिनं पहिला शर्ट झटकला. पांढरा! दुसरा, पांढरा! दुकानात एकच ओरडा झाला. ताईनं टाळ्या पिटल्या आणि लंब्यानं चक्क शिट्टी मारली. शेवटच्या शर्टाच्या खिशाशी एक जांभळट छटा उरली होती.

"हा घरात घालीन," मास्तर उठत म्हणाले. मग ताईकडे वळून मिश्कील हसले. "बहिणीनं तुझा रंग माझ्या शर्टांवरून काढला. आता वॉर्डावरून मी काढतो."

"काढा की मास्तर. पावडर मात्र तिच्याचकडून न्यावी लागेल!"

हशा पिकला. लंब्यानं गुपचूप फोन खिशात टाकला. धाकटीचा जीव भांड्यात पडला. नवऱ्यानं तिच्या ओल्या हातातून शर्ट घेतला तेव्हा त्याची बोटं क्षणभर तिच्या बोटांवर राहिली.

एवढ्या गलक्यानं बिट्टी जागी झाली होती. केस विस्कटलेले, एका हातात पांघरुणाचं टोक. माणसांच्या पायांमधून वाट काढत ती आली आणि आईच्या कमरेला बिलगली. धाकटीनं तिला कडेवर उचललं, झोपेनं उबदार झालेल्या तिच्या मानेत नाक खुपसलं. बिट्टीनं ताईकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं.

"आई, तू मत कुणाला देणार? मावशीला की मास्तरआजोबांना?"

ताई खात्रीनं हसत उभी होती. मास्तर शर्टाची घडी घालायचे थांबले. हे धाकटीला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, ताईनंसुद्धा नाही.

"सांग ना, आई?"