फ्रीझरचं सुतक

इख्लासची आणि माझी ओळख माझ्या पायांमुळे झाली. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. कधी नव्हे ते ऊन पडलं, म्हणून मी मागच्या गवतात अनवाणीच कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडून एक बाई ओरडली, "पायात काहीतरी घाल! आधी घाल!"

मला वाटलं, साप. हातातला ओला टॉवेल टाकून मी पायरीवर चढले.

"साप नाही," ती म्हणाली. "काटे."

काट्यांना एवढं घाबरणारी बाई वेडी असणार किंवा डॉक्टर. ती डॉक्टर निघाली. इथल्या हॉस्पिटलात संसर्गजन्य रोगांच्या विभागात.

ती सुदानची. शिक्षण संपल्यावर तिला एका खेड्यात नेमलं होतं. तिथे पहिल्याच महिन्यात ज्वारीच्या शेतात राबणाऱ्या एका बाईचा पाय तिच्यासमोर गुडघ्याखालून कापावा लागला. त्या पायात कधीकाळी बाभळीचा काटा मोडला होता. काट्याबरोबर बुरशी आत गेली, आत पसरली, पाय सुजला, त्याला भोकं पडली आणि त्यातून खसखशीएवढे काळे दाणे बाहेर यायला लागले. मायसेटोमा म्हणतात त्याला. वाईट म्हणजे तो फारसा दुखत नाही. "दुखला असता तर लोक लवकर आले असते," इख्लास म्हणते. "फार सभ्य रोग आहे. पाय घेऊन जातो, पण आवाज करत नाही."

त्या बाईच्या पायापाशी इख्लासचं आयुष्य अडकलं. बरोबरच्यांनी हृदय घेतलं, मेंदू घेतला. हिने पाय घेतले. काही शिकायला म्हणून आयर्लंडला आली आणि राहिली. पण दर सुट्टीत ती खार्टूमला जायची, पेशंटांच्या पायांतले तुकडे तपासायची आणि तिथल्या फ्रीझरमध्ये ठेवून यायची. कुर्डुवाडीला आम्ही काट्यावर बिब्ब्याचा चटका देत असू, हे मी तिला सांगितलं, तेव्हा तिने मला इतके प्रश्न विचारले, की लग्न ठरवताना माझ्या सासूबाईंनीही तेवढी चौकशी केली नव्हती.

मग तिकडे युद्ध पेटलं आणि तिचं जाणं थांबलं. तरी फ्रीझर शाबूत असतील, या भरवशावर ती होती. या वसंतात इथल्या युनिव्हर्सिटीने तिला दोन वर्षांचं काम देऊ केलं: ते सगळे नमुने आणायचे, तपासायचे, गोळ्या कुणाला लागू पडतात आणि कुणाला नाही ते शोधायचं. आयुष्यभर सुट्ट्यांमध्ये केलेलं काम आता पगार घेऊन करायला मिळणार होतं. सोमवारी होकार कळवायचा होता.

शनिवारी सकाळी ती आमच्या दारात आली. हातात फोन. तिचा एक जुना सहकारी कसाबसा त्या इमारतीत पोचला होता आणि त्याने व्हिडिओ पाठवला होता. छत खाली आलेलं. फ्रीझरची दारं उघडी, आत धूळ. वीज तर केव्हाच गेलेली.

"सगळं गेलं," ती म्हणाली. "सोमवारी नाही म्हणून सांगते. हॉस्पिटलची नोकरी आहेच. ग्रँड आहे." इथे काहीही झालं तरी 'ठीक आहे' म्हणायला 'ग्रँड' म्हणतात.

चहाला थांबली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी स्वयंपाकघरात जाऊन प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, बेसनाचा डबा काढला.

"काय करतेस?" मोरेश्वरने विचारलं. माझा नवरा इथल्या मेडिकल उपकरणांच्या कंपनीत आहे. बिघडलेल्या कुठल्याही गोष्टीत त्याला आधी यंत्र दिसतं.

"पिठलं-भाकरी. इख्लासला नेऊन देते. तिचा फ्रीझर गेला."

"विमा असेल की त्याचा."

"अरे, तो आपल्या घरातला फ्रीझर आहे का? मटार गेले का तिचे?"

निहारिका जिन्यावरून म्हणाली, "मॅम, यू कान्ट ब्रिंग फ्युनरल फूड फॉर अ फ्रीझर! शी'ल थिंक यू आर मेंटल." आमची लेक मराठी सगळं समजते, उत्तर मात्र तिच्या गॉलवेच्या इंग्रजीत येतं.

मलाही वाटलं, वेडेपणाच आहे. पण ज्या घरातलं कुणी गेलं, त्या घरी शेजारणीने काय करायचं एवढं एकच मला ठाऊक आहे. सुतकातल्या स्वयंपाकाला फोडणी देत नाहीत. फ्रीझरच्या सुतकात चालते की नाही, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. दिली.

इख्लासने दार उघडलं, डब्याकडे पाहिलं. "कोण गेलं?"

"तुझ्याकडचं गेलं ना. आमच्याकडे अशा घरी चूल पेटवू देत नाहीत. हसायचं असलं तर हस."

ती हसली नाही. "आमच्याकडेही शेजारीच आणतात," एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

जेवायला बसली. भाकरीचा वास घेऊन "ज्वारी" म्हणाली, तिच्या भाषेत. भेटायला गेलं की गेलेल्या माणसाबद्दल विचारायचं असतं. शेवटचं काय खाल्लं, शेवटचं काय बोलले. मला दुसरं काही सुचेना.

"कोण कोण होतं गं त्यात?"

"नमुने होते. नंबर घातलेले."

"नंबर राहू दे. माणसं सांग."

सुरुवातीला तिला जमेना. मग राबिया आली, जिचा पाय वाचला आणि जिने पुढच्या मुलीचं नाव इख्लास ठेवलं. एक म्हातारा आला, जो उंटावरून यायचा आणि उंटाला दवाखान्याच्या दारातच बसवायचा. मग हामिद. ट्रक चालवायचा. नेमका क्लचचाच पाय रोगाने धरलेला. "दर वेळी तुकडा काढताना विचारायचा, डॉक्टर, वजन किती भरलं? खाटकाच्या भावाने लावू की सोनाराच्या?"

ती हसली आणि मग रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

"चांगला होता गं," मी म्हटलं. भेटायला गेल्यावर म्हणतातच तसं.

"होता म्हणजे?" तिने डोळे पुसले. "आहे. तिकडे पूर्वेला, कसाला शहरात आहे म्हणे, भावाकडे. निदान मागच्या वर्षी होता."

"जिवंत आहे?"

"का नसेल?"

"आणि ती राबिया?"

"असेल. काय माहीत. मी विचारलंच नाही. युद्ध सुरू झाल्यापासून मी सगळ्यांना फक्त फ्रीझरबद्दल विचारत होते."

"मग बाई," मी म्हटलं, "आपण सुतक कुणाचं पाळतोय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आता हाकलते. पण तिने फोन उचलला.

हामिदने लगेच घेतला. मागे कोंबड्या, पोरं, कुणीतरी काहीतरी ठोकत असलेलं. दोघं एकाच वेळी बोलत होती. मध्येच ती थांबली, बोलायचं सोडून तोंडावर हात धरून बसली.

"काय झालं?"

"मी म्हटलं, तुझ्या पायाचे तुकडे गेले, मी नाही सांभाळू शकले. तो म्हणतो, तुकडा हरवला तर एवढं काय, बाकीचा पाय आहे ना माझ्याकडे! ये आणि घेऊन जा."

पण पुढचं तिने मला हळू आवाजात सांगितलं. त्याच्या गोळ्या दोन वर्षं बंद होत्या. पाय पुन्हा फुटला होता. आजूबाजूला आणखी काही जण तसेच होते, खार्टूमहून पळालेले, आणि त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

त्या दुपारी तिने ज्याचा ज्याचा नंबर होता त्याला फोन लावले. काही लागले. बरेचसे बंद होते. राबियाचा तिच्या मुलीने उचलला. आई पळताना रस्त्यात गेली, मुलगी म्हणाली, तापाने. इख्लासने फोन टेबलावर उलटा ठेवला आणि तिच्या हातात अर्धी भाकरी तशीच राहिली.

सोमवारी ती युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसरांना भेटायला गेली. नकार द्यायला नाही. नमुने नाहीत, माणसं आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करू द्या, तिथल्या डॉक्टरांना हाताशी धरून, असं तिने सांगितलं. ते म्हणाले, हे वेगळंच काम झालं. दोन वर्षांचं एक केलं. नवे नमुने हाती आले, तर दुसऱ्या वर्षाचा विचार करू.

"येतील हाती?" मी विचारलं.

"हामिद म्हणतो, रांग लावून देतो. पुढे स्वतः उभा राहतो."

आता ड्यूटी संपवून आली की ती संध्याकाळी फोन लावत बसते. आमची घरं एका भिंतीची, सगळं ऐकू येतं. अरबी मला समजत नाही. पण पलीकडून कुणी उचललं, की तिला बसवत नाही. खुर्ची सरकते आणि ती बोलत बोलत फेऱ्या मारायला लागते. खुर्ची बराच वेळ सरकली नाही, की मी चहा टाकते आणि तिच्या दाराशी जाते.